परतीच्या नळाचं दूध

डेअरीत तिला सगळे तपासणीबाई म्हणत. पाठीमागे 'नाक' म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. नाव पडायला कारणही तसंच घडलं होतं. अठराव्या वर्षी ती तिथे कॅन धुवायला लागली. गवळ्यांच्या कॅनची झाकणं उघडली जात असताना ही कोपऱ्यातून, हातातला ब्रश न थांबवता म्हणायची, "ते तिसरं गेलंय." तिसऱ्या कॅनचा मालक खवळायचा, कुणीतरी वाटीभर दूध तापवून बघायचं, आणि ते फाटायचं. असं चार वेळा झाल्यावर जुन्या साहेबांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि तिला प्रयोगशाळेत नेऊन बसवलं. प्रयोगशाळा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. एक लांब ओटा, एक बेसिन, काचेच्या नळ्या उभ्या करायचे स्टँड आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. पण कॅन धुणारीला खुर्ची मिळाली, हा विषय डेअरीला पंधरा दिवस पुरला.

त्या खुर्चीवर तिने पुढची बत्तीस वर्षं काढली. काम रोजचं ठरलेलं. टाकीतल्या कच्च्या दुधाचा नमुना, मग मशीनमधून तापून निघालेल्या दुधाचा, मग भरलेल्या पाकिटातला. तापून निघालेलं दूध नळीत घ्यायचं, त्यात औषध घालायचं आणि नळी कोमट पाण्यात दोन तास उभी करायची. पांढरं राहिलं तर दूध नीट तापलंय, पिवळं पडलं तर कुठेतरी कच्चं राहिलंय. पिवळं निघालं की सगळा माल जागच्या जागी थांबवायचा. तिने तो तीनदा थांबवला, आणि तिन्ही वेळा मॅनेजर, ड्रायव्हर आणि दारात खोळंबलेले दुकानदार या सगळ्यांशी एकटीने भांडून थांबवला. आपण कशातून वाचलो ते शहराला कधी कळलंही नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. नीट झालेलं काम कुणाच्या लक्षात येत नाही आणि येऊही नये, असं तिचं म्हणणं होतं.

घरी नवरा होता, शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचा. घरभर लहान लहान बाह्या, लहान कॉलरी, बोटभर काजं. शेकडो मुलांचे कपडे त्या घरातून गेले, पण त्यातला एकही घालणारं घरात कधी आलं नाही. दोघांनी डॉक्टर केले, औषधं केली, मग एके दिवशी न बोलता दोघांनी ते सोडून दिलं. नवरा शिलाई मारता मारता म्हणायचा, "आपल्याला हजारभर पोरं आहेत, फक्त राहायला दुसरीकडे असतात." ती हसायची. तो गेला तेव्हा मशीनवर एक अर्धा शिवलेला शर्ट होता, पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा. तिने तो स्वतः पुरा केला, वेडावाकडा, आणि शाळेत नेऊन दिला. त्यानंतर घर फारच आवरलेलं राहू लागलं. तिला हवं होतं ते तसं थोडंसंच होतं. कुणीतरी लहान असावं आणि त्याने तिची वाट बघावी. एवढं साधं मागणं, पण ते कुणाकडे मागायचं हेच तिला कळत नसे.

मग डेअरीच्या मागच्या अंगाला पाळणाघर सुरू झालं. पाकिटं भरायच्या विभागात तरुण बायका वाढल्या होत्या, त्यांची सोळा-सतरा मुलं तिथे दिवसभर असत. आणि डेअरीत एक जुनी पद्धत होती, ती इथे सांगायला हवी.

दूध तापवायचं मशीन सकाळी सुरू करतात तेव्हा आधी त्यात गरम पाणी फिरवतात, मग दूध सोडतात. पहिली काही मिनिटं हवी तेवढी उष्णता आलेली नसते. ते दूध पुढे पाकिटांकडे जात नाही, वेगळ्या पाइपाने मागे टाकीकडे परत येतं. त्यात पाणी मिसळलेलं असतं, टाकीत गेलं तर सगळंच पातळ व्हायचं. म्हणून कुणीतरी फार पूर्वी त्या परतीच्या पाइपाला एक नळ बसवून ठेवला होता. नळाखाली बादल्या धरायच्या. दोन-तीन बादल्या निघत. ते विकता येत नव्हतं आणि ओतून द्यायला हात धजावत नव्हता. मग कामगार आपापल्या किटल्या भरून घरी नेत, आणि एक बादली पाळणाघरात जाई. बादली न्यायचं काम शिपायाचं. तपासणीबाईने ते त्याच्याकडून मागून घेतलं. शिपायाला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. आयतं काम कमी झालं म्हणून तो गप्प बसला.

दहाच्या ठोक्याला ती अंगण ओलांडायची. बादलीचा आवाज आला की आत एकच कल्ला. मुलं तिला दूधमावशी म्हणत. पेले भरताना ती प्रत्येकाशी काहीबाही बोलायची, कुणाचं नाक पुसायची, कुणाचा बूट बदलून योग्य पायात घालायची. सगळ्यात शेवटी यायची ती पाकिटवाल्या बाईची चार वर्षांची मुलगी. रांगेत शेवटची, चालण्यात शेवटची, पिण्यातही शेवटची, म्हणून सगळे तिला गोगलगाय म्हणत आणि त्याचं झालं होतं गोगी. पेला दोन्ही हातांत धरून ती एकेक घोट घ्यायची, मध्ये थांबून काहीतरी विचार करायची, मग पुढचा घोट. बाकीची मुलं खेळायला पळालेली असत. तपासणीबाई लहानशा स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायची. पेला रिकामा झाला की गोगी विचारायची, "उद्या येणार ना?"

"येणार नाही तर जाते कुठे?" असं म्हणून ती उठायची. प्रयोगशाळेत परत येताना तिला दर वेळी आपण उंच झाल्यासारखं वाटायचं.

आणखी एक. डेअरीत, दूध घरी पुन्हा तापवणं हा अडाणीपणा समजला जाई. शहरातल्या बायका पाकीट घरी नेलं की आधी पातेल्यात ओतून उकळत, हे डेअरीतल्या बायकांना फार गमतीचं वाटायचं. तपासणीबाईचाच विनोद होता, "आधी मशीन तापवतं, मग या तापवतात. दूध म्हणत असेल, बाई गं, एकदाच काय ते मारा." सगळ्या खिदळायच्या. आपण आतल्या, आपल्याला माहीत आहे, असा तो थाट होता. पाळणाघरात गॅसची शेगडीसुद्धा नव्हती. लागलीच नव्हती कधी.

एका सोमवारी पाळणाघरात तीन मुलं आली नाहीत. मंगळवारी सात नव्हती. पोटात मुरडा, उलट्या, आणि मग शौचातून रक्त. आठवड्याच्या मध्यापर्यंत अकरा मुलं सरकारी रुग्णालयात होती, त्यात गोगी. मोठी मुलं चार-पाच दिवसांत सावरू लागली. गोगीची उलटी थांबली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मग ती पांढरीफटक पडत गेली. तिला लघवी होईना. मूत्रपिंडांनी काम सोडलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. तपासणीबाई बघायला गेली तेव्हा गोगीची आई वॉर्डाच्या दाराशी भिंतीला पाठ टेकून उभी होती. हिला बघताच ती हिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली की बाई, तुम्ही आलात, धीर आला.

आरोग्य खात्याच्या एक बाई चौकशीला आल्या. बारीक चणीच्या, हातात फॉर्मांचा गठ्ठा. त्या घरोघरी फिरल्या, आठ दिवसांत मुलांनी काय काय खाल्लं ते एकेक घास विचारून लिहून घेतलं. पाणी तपासलं, खेळणी तपासली. त्यांना एका गोष्टीचा उलगडा होईना. शहरातलं दुसरं एकही मूल आजारी नव्हतं. फक्त डेअरीवाल्यांची. पाळणाघरात त्यांनी विचारलं, दूध कुठलं देता? सांभाळणारी म्हणाली, आमचंच, डेअरीचं, तपासलेलं. तशा त्या प्रयोगशाळेत आल्या आणि वही मागितली. महिन्याभराच्या नोंदी, एकही पिवळी नाही. आरोग्यबाई म्हणाल्या की इतकी नेटकी वही त्यांनी कुठल्याच डेअरीत पाहिली नव्हती. तपासणीबाईला बरं वाटलं. वाटणारच, आयुष्यभराची कमाई होती ती.

वही कपाटात ठेवताना तिचा हात थांबला. वहीत टाकी होती, मशीन होतं, पाकिटं होती. बादली नव्हती. बत्तीस वर्षांत एकदाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू होताना ती परतीच्या नळाशी जाऊन उभी राहिली. पेलाभर दूध घेतलं, प्रयोगशाळेत आली, नळी भरली. दोन तास थांबायची वेळच आली नाही. अर्ध्या तासात नळी पिवळी झाली, हळदीचं बोट लागावं तशी. तिने नळी धुतली, दुसरी घेतली. ती पिवळी. तिसरी घेतली. दूध परत येतं ते तापलेलं नसतं म्हणूनच येतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवीन पोरींना परतीचा पाइप कशासाठी असतो हे तीच शिकवायची. तेच दूध बादलीत पडलं की मात्र तिच्या लेखी ते 'मशीनमधून निघालेलं' व्हायचं. एवढी साधी गोष्ट. शहरातल्या अडाणी बायकांच्या घरी ती बादली गेली असती तर काहीसुद्धा झालं नसतं. त्यांनी आधी ती उकळली असती.

ती नळी घेऊन मॅनेजरांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. त्याने नळी बघितली, दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की पाळणाघर बंदच आहे, बादली आजपासून बंद, नळ उद्या काढून टाकू. झालं ते वाईट झालं, पण सांगून मुलं लवकर बरी होणार आहेत का? डेअरी बंद पडली तर दोनशे घरं बसतील. आणि सगळ्यात शेवटी तो म्हणाला, "बाई, लोक तुमच्याकडे बोट दाखवतील. बादली तुम्ही नेत होता."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. नळी पिवळी पडताना पहिल्यांदा तेच डोक्यात आलं होतं. न सांगितलं तर गोगी बरी होऊन येईल, पाळणाघर उघडेल, दहाचा ठोका पडेल. बादलीत पाकिटातलं दूध असेल, कुणाला काय कळतंय? सांगितलं तर मात्र ते अंगण तिला कायमचं बंद. खिडकीतून बाहेर पाहिलं तर नळाखाली भरून ठेवलेल्या बादल्यांपाशी किटल्यांची रांग लागली होती. पाकिटवाल्या बायका, बॉयलरवाला, पहारेकरी. घरी आजारी मूल आहे, त्याला आपल्या डेअरीचं दूध द्यावं म्हणून जरा जास्तच भरून घेत होते.

तिने मॅनेजरांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि आरोग्यबाईंना सगळं सांगितलं. मग खाली जाऊन बादल्या आणि रांगेतल्या किटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा तिने कारण सांगितलं.

पुढचं कळायला चार दिवस लागले. एका गोठ्यातल्या गाईच्या शेणात मुलांना आजारी पाडणारा जंतू सापडला. आरोग्यबाई म्हणाल्या, कच्चं दूध रोज दगा देत नाही, म्हणूनच माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. त्यांनी हेही सांगितलं की कळलं ते वेळेवर कळलं. मुलांना चालू केलेलं एक औषध या दुखण्यात उलटू शकतं, ते डॉक्टरांनी त्याच दिवशी थांबवलं. हे ऐकायला तपासणीबाईजवळ कुणी उभं नव्हतं. फोन केला त्याच संध्याकाळी ती रुग्णालयात गेली होती. गोगीची आई दारातच होती. या वेळी ती भिंतीला टेकलेली नव्हती.

"तुम्ही परत इकडे येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही.

गोगीचं रक्त मशीनने साफ करत होते. एकोणीस दिवस. तपासणीबाई वॉर्डात गेली नाही, पण ड्यूटी संपली की रुग्णालयासमोरच्या औषधाच्या दुकानाच्या बाकावर येऊन बसायची. वॉर्डातली आया चहाला बाहेर आली की तिला रोज एकच प्रश्न, आज लघवी झाली का? आयाला आधी हसू यायचं, मग ती लांबूनच मान हलवायला लागली. नाही. नाही. नाही. दुखणं सुरू झाल्यापासून तेविसाव्या दिवशी, की चोविसाव्या, आया रस्ता ओलांडून स्वतः बाकाशी आली. म्हणाली, "झाली. दोन चमचे." तपासणीबाईने आयुष्यात अनेक चांगल्या बातम्या ऐकल्या असतील, लग्न ठरल्याची, खुर्ची मिळाल्याची. कुठलीच या दोन चमच्यांच्या जवळपास नव्हती. ती त्या बाकावर बसून भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडली आणि दुकानदाराने बिचाऱ्याने तिला पाणी आणून दिलं.

मुलं बरी झाली. परतीचा नळ काढून पाइपाचं तोंड डाग देऊन बंद केलं. चौकशी समिती बसली, मॅनेजरांची बदली झाली, डेअरीला नोटिसा आल्या, तपासणीबाईला लेखी ताकीद मिळाली. तिला काढलं मात्र नाही, कारण तिच्याइतकं कुणाशीही भांडून माल थांबवणारं दुसरं कुणी नव्हतं. पाळणाघर पुन्हा उघडलं. आता तिथे पाकिटं जात आणि सांभाळणारी ती शेगडीवर उकळून घेत असे. शिपायाचं काम शिपायाकडे परत गेलं. दहा वाजले की तपासणीबाईचे हात आपोआप ओट्यावरून काहीतरी उचलायला जायचे आणि मग रिकामे मांडीवर यायचे. खिडकीतून आवाज ऐकू यायचा. मुलांच्या आयांपैकी काहींनी तिला माफ केलं होतं, काहींनी नाही, पण मुलांना मात्र सगळ्यांनीच सांगून ठेवलं होतं की मावशीने दिलेलं काही घ्यायचं नाही. एकदा एका मुलाचा चेंडू खिडकीखाली आला, तिने तो उचलून पुढे केला. मुलगा उभा राहिला, हात पाठीमागे घेऊन. तिने चेंडू जमिनीवर ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

गोगी पाळणाघरात परत आलीच नाही. तिच्या आईने डेअरी सोडली आणि एका धुलाई केंद्रात काम धरलं. गोगीचं घर तपासणीबाईच्याच बसच्या थांब्यामागच्या गल्लीत होतं. तपासणीबाईला ती गल्ली माहीत होती. म्हणूनच ती रोज एक थांबा आधी उतरायची आणि लांबून चालत जायची. आपल्याला कुणी जायला मनाई केलेली नाही, फक्त येऊ नका म्हटलंय, असे शब्दांचे खेळ ती मनात खेळायची. मग स्वतःवरच चिडायची.

गोगीचे वडील डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर होते. त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्याने कळायचं. अळणी जेवते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. शाळेत घातली. उंची जरा कमी भरते, पण डॉक्टर म्हणतात, भरेल. तपासणीबाई हे सगळं ऐकायची, नळ्या धुवायची आणि बरं, असं म्हणायची. घरी गेल्यावर मात्र ती या तुकड्यांतून एक अख्खी मुलगी उभी करायची. आता दात पडला असेल. आता पाटीवर रेघा काढत असेल, सगळ्यांच्या शेवटी. नवऱ्याचं शिलाई मशीन अजून खिडकीपाशी होतं. ती त्याच्यावर हात ठेवून बसायची.

असं दीड वर्ष गेलं. एक दिवस ड्रायव्हर नमुना द्यायला आले तसे घुटमळले. म्हणाले की सांगू की नको असं होतंय. गोगी विचारत असते. दूधमावशी का येत नाही म्हणून.

"मग तुम्ही काय सांगता?"

"तिची आई सांगते, मावशी गावाला गेलीय. ती रोज विचारते, कधी येणार."

ते गेले. तपासणीबाईने नळी कोमट पाण्यात ठेवली आणि खुर्चीवर बसली. जे उभ्या आयुष्यात मिळालं नाही ते मिळालेलं होतं. एक लहान मूल दीड वर्ष तिची वाट बघत होतं. आणि तेही एका थापेवर. गावाला गेलेली मावशी परत येऊ शकते, दारात उभी राहून आलेच मी म्हणू शकते, गोगीची आई मुलीसमोर काही बोलणारही नाही. हा विचार इतका गोड होता की तिला त्याची भीतीच वाटली. ज्या मुलीच्या अंगात आपण आपल्या हाताने ते दूध घातलं, तिच्याकडून असं प्रेम घ्यायचं म्हणजे माल न तपासता पुढे सोडण्यासारखंच होतं. आणि खरं सांगितलं तर उरलेली वाटही संपेल. गोगी उद्यापासून विचारायची थांबेल. रविवारपर्यंत ती या दोन गोष्टींमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. रविवारी चार वाजता ती बसच्या थांब्यावर उतरली, एक थांबा आधी नाही.

दार गोगीनेच उघडलं. उंच झाली होती, पण चेहरा तोच, विचार करत थांबलेला. पुढचे दोन दात नव्हते. तिने वर पाहिलं आणि जणू कालचीच गोष्ट असावी तसं विचारलं, "गावाहून कधी आलीस?"

आजच, एवढंच म्हणायचं होतं. तपासणीबाई उंबऱ्यावर बसली, म्हणजे डोळे डोळ्यांसमोर आले. "मी गावाला गेलेच नव्हते," ती म्हणाली.

आतून गोगीची आई आली. कपडे पिळत असावी, हात कोपरापर्यंत ओले होते. ती जिथे होती तिथेच थांबली.

"तू आजारी पडली होतीस ना, ती मी दिलेल्या दुधाने. दूध कच्चं होतं. मला कळायला हवं होतं, मला नाही कळलं. म्हणून मी आले नाही."

गोगीने विचार केला. तिला वेळ लागायचा तो लागलाच. तिने विचारलं, सगळ्यांना तेच दिलं होतं का? हो. तू पण प्यायलीस? हो. मग तू का नाही पडलीस आजारी? मोठी होते म्हणून, तपासणीबाईने सांगितलं. गोगीला ते अन्यायाचं वाटलं असावं, तिने नाक मुरडलं. मग म्हणाली, "मग तापवलं का नाहीस?"

आरोग्यबाईंच्या फॉर्मात हा प्रश्न नव्हता. चौकशी समितीनेही तो असा विचारला नव्हता. "आम्हाला वाटायचं, तापवतात ते अडाणी," ती म्हणाली. "आम्ही शहाण्या."

गोगी आत पळाली. कशासाठी ते कळलं नाही, आत काहीतरी शोधत असल्यासारखे आवाज येऊ लागले. दारात दोघीच राहिल्या. तपासणीबाई उठायला लागली, इतक्यात गोगीची आई बोलली, तिच्याकडे न बघता, हळू, आत ऐकू जाणार नाही अशी.

"मीपण किटली आणत होते. संध्याकाळी तिला द्यायची. न तापवता." ती थांबली. "त्या आठवड्यात रोज दिलं. सकाळी तुमचा पेला, संध्याकाळी माझा. नक्की कुठल्या पेल्यात होतं, मी किती वेळा मोजून बघितलं. तुम्हाला तपासता येतं सगळं. कुठला होता?"

दीड वर्ष ही बाई काय उराशी धरून बसली होती ते तपासणीबाईला आत्ता दिसलं. तुम्ही परत येऊ नका, हे वाक्य तिने निम्मं स्वतःलाच म्हटलं होतं तेही दिसलं. खरं उत्तर एकच होतं. ते आता कुठल्याच नळीत सापडणार नव्हतं, कुणालाच कधी कळणार नव्हतं. हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

"माझा," ती म्हणाली. "सकाळचा. माझाच होता."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत तिने न तपासता निकाल दिला तो एवढाच. गोगीच्या आईला ते कळलं. ओल्या हातांनीच ती उंबऱ्यावर तिच्या शेजारी येऊन बसली.